दारू सोडवायची, पण लिव्हर सांभाळून

डोळे पिवळे झालेत, पोटात पाणी साठलंय, पाय सुजलेत. अशा माणसाला "दारू बंद करा" असं सगळेच सांगतात. कशी बंद करायची ते क्वचितच कोणी सांगतं. लिव्हरचे डॉक्टर पोटातलं पाणी काढतात आणि व्यसनासाठी मानसोपचाराच्या ओपीडीत पाठवतात. तिथे रिपोर्ट बघून "आधी लिव्हर सुधारू द्या" म्हणतात. या हेलपाट्यांत पिणं पुन्हा सुरू होतं. खरं तर दोन्ही उपचार एकाच वेळी चालायला हवेत, कारण पिणं चालू असताना सिरोसिसवरचं (लिव्हर जखमांच्या व्रणांनी कडक होण्याच्या आजारावरचं) कुठलंच औषध पुरं पडत नाही.

आधी हिशेब नीट मांडावा. ४२.८ टक्के अल्कोहोल असलेल्या दारूच्या ३० मिलिच्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. म्हणजे १८० मिलिच्या क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम. आणि ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिची एक बाटली म्हणजे जवळपास ४० ग्रॅम, चार पेगांइतकी. "मी फक्त बिअर घेतो" या म्हणण्याला लिव्हरच्या लेखी काही अर्थ नाही.

रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भास, बडबड, ताप आणि जोरात धडधडणारी नाडी दिसली, तर जिवाला धोका असतो.

लिव्हर बिघडलेल्या माणसात इथेच मोठी गफलत होते. लिव्हर निकामी झाल्यामुळे मेंदूवर परिणाम होतो तेव्हाही माणूस असंबद्ध बोलतो. अशा वेळी रुग्णाला दोन्ही हात पुढे करून, रहदारी थांबवणाऱ्या पोलिसासारखे पंजे मागे वळवायला सांगतात. दारू तुटल्यामुळे असेल तर बोटं बारीक, भरभर थरथरतात; माणूस घामाघूम आणि अस्वस्थ असतो. लिव्हरमुळे असेल तर पंजा मधूनच गळून पडतो, पुन्हा सावरतो. माणूस बहुधा सुस्त, झोपाळलेला असतो. दोन्हींचे उपचार उलट आहेत. दुसऱ्या प्रकारात झोपेचं औषध दिलं तर रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो. तिथे दिवसाला दोन-तीन पातळ शौच होतील इतकं लॅक्टुलोज हे पोट साफ करणारं औषध लागतं. दोन्ही गोष्टी एकत्र असल्या तर डॉक्टरांची खरी कसोटी लागते. पहिल्या प्रकारात मात्र शांत करणारं औषध लागतं; तिथे क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपामऐवजी लोराझेपाम बेतानं देणं बरं, कारण आजारी लिव्हरमध्ये पहिली दोन औषधं साठत जातात. सलाइनमधून ग्लुकोज देण्याआधी थायमिन (जीवनसत्त्व बी-१) द्यावं. त्याची कमतरता असताना नुसतं ग्लुकोज गेलं, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

यानंतर दारूची ओढ कमी करणाऱ्या गोळ्या. सिरोसिसच्या रुग्णांवर नीट तपासलेलं औषध म्हणजे बॅक्लोफेन. इटलीतली २००७ सालची चाचणी नेमकी याच रुग्णांवर झाली: ८४ जण, १२ आठवडे. औषध घेणाऱ्यांपैकी ७१ टक्के दारूपासून दूर राहिले, नुसती नकली गोळी घेणाऱ्यांत २९ टक्के. सुरुवात ५ मिग्रॅ दिवसातून तीनदा, तीन दिवसांनी १० मिग्रॅ तीनदा. झापड येते, म्हणून मेंदूवर परिणाम झालेल्या रुग्णाला ते टाळतात. किडनी कमजोर असेल तर जपून देतात. ते एकदम थांबवू नये, हळूहळू कमी करावं. अकॅम्प्रोसेटचा लिव्हरशी संबंध येत नाही, ते किडनीवाटे जातं; म्हणून क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघून डोस ठरतो. नाल्ट्रेक्सोन सौम्य आजारात चालतं. कावीळ किंवा पोटात पाणी असताना नको.

डिसल्फिराम इथे नकोच. ते अल्कोहोलपासून बनणारं अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य पुढे फुटू देत नाही; त्यावर दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. सिरोसिसमध्ये अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या असतात, त्यांना हा धक्का झेपत नाही. शिवाय हे औषध स्वतःच लिव्हरला सूज आणू शकतं. घरचे लोक वैतागून ती गोळी कुटून आमटीत मिसळतात. त्यांची हतबलता समजण्यासारखी आहे, पण ते जिवावर बेतू शकतं.

जेवण तोडू नये. "लिव्हर खराब आहे, डाळ-अंडी बंद" हा सल्ला चुकीचा आहे. वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन रोज हवं. ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. रात्री झोपताना दूध-पोहे किंवा दूध-भाकरी द्यावी. आजारी लिव्हरला साखर साठवता येत नाही, त्यामुळे रात्रभरच्या उपाशीपणात शरीर स्वतःचेच स्नायू जाळतं. पोटात पाणी असेल तर मीठ मात्र कमी, आणि लोणचं-पापड बंद.

अधूनमधून लघवीतलं इथाइल ग्लुकुरोनाइड, म्हणजे दारूपासून शरीरात बनणारं द्रव्य, तपासता येतं. दोन-तीन दिवसांपूर्वी घेतलेली दारूही त्यात दिसते. ही तपासणी रुग्णाला सांगून करावी. लपवून केली की तो पुढच्या भेटीला येत नाही. कधी पाय घसरलाच तर गोळ्या बंद न करता त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठावं, किंवा १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करावा.