कम्युनिटी कॉलेजात मानसशास्त्र आणि एक सत्र परदेशात: अर्ज नेमके कुठे अडतात

कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजे, म्हणजे प्रामुख्याने दोन वर्षांची सरकारी महाविद्यालये, आहेत, आणि तिथे मानसशास्त्र शिकता शिकता एक सत्र लंडन, फ्लॉरेन्स किंवा माद्रिदला करावे असे मराठी घरांतल्या अनेक मुलांना वाटते. त्यांतले बरेच अर्ज नाकारले जातात किंवा अर्ध्यावर सोडून द्यावे लागतात. त्याचे कारण बहुतेक वेळा गुण नसतात. कॉलेजचा परदेशी सत्राचा अर्ज साधा असतो. बहुतेक ठिकाणी वय १८ पूर्ण, ठरावीक सरासरी आणि आधी काही युनिट (अभ्यासक्रम मोजण्याचे एकक) पूर्ण केलेले असणे एवढ्यावर पात्रता ठरते. घोटाळा होतो तो विषय कोणत्या क्रमाने घेतले यात, आणि पासपोर्टवर कोणता व्हिसाचा शिक्का आहे व कोणता नाही यात.

आधी विषयांच्या क्रमाचे पाहू. येथून पुढे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत म्हणजे सीएसयूत जाऊ इच्छिणारे बहुतेक विद्यार्थी ‘असोसिएट इन आर्ट्स फॉर ट्रान्सफर’ ही, पुढे विद्यापीठात दाखल होण्यासाठीची (म्हणजे ट्रान्सफरसाठीची) पदवी घेतात. तिच्यासाठी ६० सेमिस्टर युनिट लागतात. डी अँझा आणि फूटहिलसारख्या क्वार्टर (तिमाही सत्रांच्या) पद्धतीच्या कॉलेजांत हाच आकडा ९० होतो. मानसशास्त्रात या पदवीचे तीन खांब आहेत: प्रास्ताविक मानसशास्त्र, संख्याशास्त्र आणि संशोधन पद्धती. यातला तिसरा विषय पहिले दोन उत्तीर्ण झाल्याशिवाय घेता येत नाही. गणिताच्या धास्तीने मुले संख्याशास्त्र पुढे ढकलतात, त्यामुळे संशोधन पद्धती दुसऱ्या वर्षाच्या शेवटच्या सत्रात येऊन पडते आणि नेमके तेच सत्र परदेशासाठी ठरवलेले असते. परदेशी कार्यक्रमात हा विषय क्वचितच मिळतो, कारण तिथे कोणते विषय शिकवले जाणार हे त्या वर्षी कोणते प्राध्यापक सोबत जातात यावर ठरते. ते मानसशास्त्राचे असले तरी बहुधा प्रास्ताविक विषयच शिकवतात. तो आधीच ‘सी’ किंवा अधिक श्रेणीत उत्तीर्ण झालेला असेल, तर नियमाप्रमाणे पुन्हा घेता येत नाही. मग पदवी अपुरी राहते आणि तिच्यासोबत मिळणारी सीएसयू प्रवेशाची हमीही जाते. ही हमी विशिष्ट कॅम्पसची नसते आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला म्हणजे यूसीला ती लागू होत नाही, हेही पालकांना उशिरा कळते.

म्हणून पहिल्याच सत्रात प्रास्ताविक मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र दोन्ही घ्यावेत, लगेच पुढच्या सत्रात संशोधन पद्धती संपवावी, आणि परदेशी सत्रासाठी सामान्य शिक्षणाचे विषय मोकळे ठेवावेत, ही माझी आग्रहाची सूचना आहे. यूसीचा विचार असेल तर प्रत्येक कॅम्पसची मागणी वेगळी असते. ती ‘असिस्ट’ या अधिकृत संकेतस्थळावर पाहावी, मित्राने काय घेतले यावर विसंबू नये.

तारखांचा गोंधळही इथेच होतो. यूसी आणि सीएसयूच्या ट्रान्सफर अर्जाची खिडकी १ ऑक्टोबरला उघडते आणि साधारण नोव्हेंबरअखेर बंद होते. यूसीच्या हमी-प्रवेशाचा वेगळा अर्ज मात्र १ ते ३० सप्टेंबरमध्येच भरावा लागतो, आणि बर्कली, लॉस एंजेलिस व सॅन डिएगो या कॅम्पसना तो लागूच नाही. शरद सत्र परदेशात करणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत या सगळ्या मुदती तो तिकडे असतानाच येतात. निघण्यापूर्वी समुपदेशकाकडून शैक्षणिक आराखडा लेखी घेऊन ठेवावा.

आता अधिक कठीण भाग, व्हिसाचा. भारतीय पासपोर्ट असलेल्याला शेंगेन देशांत, म्हणजे इटली-स्पेनसारख्या सामाईक व्हिसाच्या युरोपीय देशांत, जायला व्हिसा लागतोच, मग हातात ग्रीन कार्ड का असेना. अमेरिकन पासपोर्टधारकालाही ९० दिवसांपेक्षा मोठ्या सत्रासाठी व्हिसा घ्यावाच लागतो. शेंगेनच्या अल्प मुदतीच्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. पासपोर्ट परतीनंतर किमान तीन महिने वैध असावा लागतो, तो गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा लागतो आणि त्यात दोन कोरी पाने हवीत. कार्यक्रमाचे प्रवेशपत्र हाती येईपर्यंत वाणिज्य दूतावासाच्या भेटीच्या वेळा संपलेल्या असतात. कॉलेज या बाबतीत विद्यार्थ्याला फारसे सांगत नाही, आणि माझ्या मते ही त्यांची सरळसरळ हयगय आहे, कारण माहितीपत्रके अमेरिकन पासपोर्ट गृहीत धरूनच लिहिलेली असतात.

तिकडे जाण्यापेक्षाही परत येणे अवघड. एच-४ (एच-१बी नोकरदाराच्या कुटुंबीयांचा) किंवा एफ-१ (विद्यार्थ्याचा) दर्जावरच्या अनेक मुलांना अमेरिकेतच मुदतवाढ किंवा दर्जाबदल मिळालेला असतो. मंजुरीचा कागद हातात असतो, पण पासपोर्टातला शिक्का जुना किंवा मुदत संपलेला असतो. तो कागद अमेरिकेत राहण्यापुरता चालतो, पुन्हा प्रवेशासाठी वैध शिक्का लागतो. कॅनडा आणि मेक्सिकोच्या ३० दिवसांपर्यंतच्या प्रवासाला असलेली सवलत युरोपला लागू नाही. सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेचे धोरण असे आहे की अर्जदाराने व्हिसासाठी आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच अर्ज करावा. म्हणजे फ्लॉरेन्सचे सत्र संपवून शिक्क्यासाठी आधी मुंबईला जाण्याची तयारी ठेवावी लागेल, आणि तोवर इकडे पुढचे सत्र सुरू झालेले असेल.

एच-४ मुलांच्या पालकांनी याहून अधिक सावध राहावे. मूल २१ वर्षांचे झाले की हा दर्जा संपतो. समजा मुलगी दुसऱ्या वर्षाच्या फेब्रुवारीत २१ पूर्ण करते. तिचा एफ-१साठीचा दर्जाबदलाचा अर्ज प्रलंबित आहे आणि ती जानेवारीत परदेशी सत्राला निघाली, तर तिने तो अर्ज सोडून दिला असे धरले जाते. पुढे तिला बाहेरूनच एफ-१ व्हिसा घ्यावा लागतो. फीमध्येही फरक पडतो. एच-४ विद्यार्थी एक वर्ष आणि एक दिवसाच्या वास्तव्यासह बाकीच्या अटी पूर्ण करून राज्याचा रहिवासी ठरू शकतो आणि प्रति युनिट ४६ डॉलर भरतो, क्वार्टर कॉलेजात ३१. एफ-१वाल्याला मात्र अनिवासी दर लागतो, आणि तो कित्येक पटींनी अधिक असतो. एफ-१ असल्यास निघण्यापूर्वी आय-२० या कॉलेजने दिलेल्या विद्यार्थी-प्रमाणपत्रावर प्रवासाची ताजी सही घ्यावी, आणि सत्र पूर्णवेळ नोंदणीत धरले जाते याची कॉलेजच्या अधिकाऱ्याकडून लेखी खात्री करून घ्यावी.

कागदपत्रांत हमखास अडवणारी गोष्ट म्हणजे नाव. आपल्याकडे पासपोर्टात मुलाच्या नावापुढे वडिलांचे नाव आणि मग आडनाव असते, तर कॉलेजच्या नोंदीत वडिलांचे नाव गळालेले असते. प्रवेशपत्र, विमा आणि तिकीट यांवर पासपोर्टातले नाव अक्षरशः तसेच हवे. कॉलेजातली नोंद दुरुस्त करायला वेळ लागतो, म्हणून ते काम सर्वांत आधी हाती घ्यावे.

पैशांबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. राज्याची फीमाफी फक्त प्रति युनिट फीपुरती असते, परदेशी कार्यक्रमाच्या खर्चाला ती लागू होत नाही. गिलमन शिष्यवृत्ती ५,००० डॉलरपर्यंत मिळू शकते आणि कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांनाही खुली आहे. पण त्यासाठी अमेरिकन नागरिकत्व आणि पेल अनुदान (गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी केंद्र सरकारची मदत) दोन्ही लागतात. ग्रीन कार्डवाल्या मुलांनी त्यासाठी निबंध लिहीत बसू नये, तो वेळ कॉलेजच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्यांवर खर्च करावा.

आणि यातले काहीच या वर्षी जुळत नसेल, तर आधी ट्रान्सफर पूर्ण करावे. यूसीत गेल्यावर तिचा स्वतःचा परदेश शिक्षण कार्यक्रम मिळतो, आणि तोवर संशोधन पद्धती हातावेगळी झालेली असते.