बेंजामिन रे

बेंजामिन रे (जन्म १९८९) हे नॉर्वेतील माहितीपट-दिग्दर्शक असून ते मूळचे पत्रकार आहेत. परिचित वाटणारे आयुष्य दुसऱ्या कोणाच्या नजरेतून पुन्हा दाखवणे, हा त्यांच्या कामाचा स्थायीभाव आहे.

‘मॅग्नस’ (२०१६) हा त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा माहितीपट बुद्धिबळपटू मॅग्नस कार्लसन यांच्यावर आहे. कुटुंबीयांनी घरी केलेल्या चित्रणातून त्यात एका अबोल मुलाची घडण उलगडते, आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये चेन्नईत विश्वनाथन आनंद यांना ६.५–३.५ असे हरवून कार्लसन जगज्जेते झाले त्या लढतीशी कथा कळसाला पोहोचते. भारतीय प्रेक्षकाच्या मनात आनंद यांचा पराभव म्हणून राहिलेली ही लढत येथे पटाच्या दुसऱ्या बाजूने दिसते.

‘द पेंटर अँड द थीफ’ (२०२०) मध्ये ही दृष्टी रचनेतच उतरली. ऑस्लोतील एका कलादालनातून २०१५ मध्ये चेक चित्रकार बार्बोरा किसिल्कोवा यांची दोन चित्रे चोरीला गेली. पकडलेल्या चोरांपैकी कार्ल-बर्टिल नॉर्डलांड याला बार्बोरा यांनी न्यायालयातच त्याचे चित्र काढू देण्याविषयी विचारले. आधी चित्रकार चोराला न्याहाळते; मग कथन चोराच्या हाती जाते आणि तिच्याही जखमा त्याने केव्हाच ओळखल्या होत्या, हे कळते. या चित्रपटाला अमेरिकेतील सनडान्स चित्रपट महोत्सवात विशेष परीक्षक पुरस्कार मिळाला.

‘द रिमार्केबल लाइफ ऑफ इबेलिन’ (२०२४) ही रे यांची सर्वांत परिपक्व कृती म्हणावी लागेल. स्नायू क्षीण करणाऱ्या ड्यूशेन या आनुवंशिक आजाराने मॅट्स स्टीन हा तरुण २०१४ मध्ये वयाच्या २५व्या वर्षी वारला. मुलगा एकाकी जगला, असेच आईवडिलांना वाटत होते. मात्र मृत्यूची वार्ता त्याच्या ब्लॉगवर दिल्यावर ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळातील त्याच्या सोबत्यांची पत्रे येऊ लागली. तेथे तो ‘इबेलिन’ नावाने वावरत होता. खेळातील संवादांच्या सुमारे ४२,००० पानांच्या नोंदींतून रे यांनी ते आयुष्य अ‍ॅनिमेशनने उभे केले. सनडान्समध्ये या माहितीपटाला दिग्दर्शनाचा आणि प्रेक्षकपसंतीचा असे दोन पुरस्कार मिळाले. मॅट्सने सोबत्यांपासून आजार लपवला होता आणि काहींना दुखावलेही होते. रे यांनी तो भाग गाळलेला नाही, म्हणूनच हा चित्रपट श्रद्धांजलीपुरता उरत नाही.