पुरात गाडी वाहून जाते, तेव्हा जबाबदार कोण? कायद्याचा आजवरचा प्रवास

पावसाळ्यात पाटणपासून जतपर्यंत कुठे ना कुठे एखादी दुचाकी, दुधाचा टेम्पो किंवा चारचाकी फरशीवरून, म्हणजे ओढ्या-नदीवरच्या बुटक्या पुलावरून, वाहून जाते. मृतदेह खालच्या अंगाला सापडतो, पोलीस ठाण्यात आकस्मिक मृत्यूची नोंद होते, तहसील कार्यालयातून चार लाखांच्या मदतीचा प्रस्ताव वर जातो आणि बहुतेक वेळा विषय तिथंच मिटतो. गाडीत आणखी कुणी दगावलं असेल तर गुन्हाही दाखल होतो, पण मयत चालकावरच. आरोपी हयात नाही म्हणून न्यायालयाला 'अबेटेड समरी' पाठवली की फाइल बंद. रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्याचं नाव या कागदांत सहसा येतच नाही. का येत नाही, हे कळायला बरंच मागं जावं लागतं.

1788 साली इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात एका नादुरुस्त पुलावर मालवाहू घोडागाडीचं नुकसान झालं. मालकाने परगण्यावर दावा लावला आणि तो हरला. सगळ्या जनतेची गैरसोय करण्यापेक्षा एकट्याने तोटा सोसलेला बरा, असा न्यायाधीशांचा सूर होता. यातूनच पुढे एक दंडक रूढ झाला: रस्त्याचं काम चुकीचं केलं तर सरकारी यंत्रणा जबाबदार, काहीच केलं नाही तर नाही. खुद्द इंग्लंडने 1961 च्या कायद्याने तो मोडीत काढला. आपल्याकडे हा विचार ब्रिटिशांबरोबर आला आणि सरकारी खात्यांच्या अंगवळणी पडला, तो अजून गेलेला नाही.

खरं तर आपल्याकडची सुरुवात बरी झाली होती. 1861 मध्ये कलकत्त्याच्या किदरपूर भागात सरकारी गोदीच्या मजुरांनी अवजड लोखंडी भाग रस्त्यात टाकला आणि एका बग्गीचा घोडा जखमी झाला. त्या खटल्यात न्यायालयाने सरकारला भरपाईला जबाबदार धरलं. मात्र राज्यकारभाराच्या 'सार्वभौम' कामांना त्यातून वगळलं. पुढची शंभर वर्षं भांडण याच वगळण्यावर चाललं. 1962 मध्ये उदयपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या जीपने झालेल्या मृत्यूत सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान सरकारला जबाबदार धरलं; 1965 मध्ये मेरठच्या पोलिसांच्या ताब्यातून गहाळ झालेल्या सोन्याच्या दाव्यात मात्र पोलिसांचं काम 'सार्वभौम' ठरलं आणि सरकार सुटलं.

पुराच्या दाव्यात सरकारचा दुसरा बचाव ठरलेला असतो: ही नैसर्गिक आपत्ती, माणसाच्या हातात काय होतं? तो बचाव वाटतो तितका भक्कम नाही. पंजाबात कालवा फुटून शेतात पाणी शिरलं, तेव्हा 1964 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की कालवा सरकारच्या ताब्यात आहे आणि तो आपोआप फुटत नसतो. 2016 मध्ये गुजरातमधल्या एका धरणातून सोडलेल्या पाण्याने शेतीचं नुकसान झालं, त्यातही हा बचाव टिकला नाही. ज्याचा अंदाज आधी बांधता येतो, त्याला दैवावर सोडता येत नाही, असा त्यामागचा विचार.

आपल्या सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना तो नेमका लागू पडतो. कोयना धरणाचे वक्र दरवाजे किती फूट आणि किती वाजता उचलणार, हे आधी जाहीर होतं. विसर्ग वाढला की पाटण तालुक्यात मूळगावचा पूल, संगमनगर धक्क्याचा जुना पूल आणि नेरळ्याचा पूल पाण्याखाली जातात, हे तिथल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. सांगलीत आयर्विन पुलापाशी 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी. 2005 मध्ये पाणी 53 फुटांच्या वर गेलं, 2019 मध्ये 57 च्या वर. इतकी मोजदाद ज्या पाण्याची होते, त्याबद्दल 'अचानक आलं' म्हणणं अवघड आहे. माण, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यातली गोष्ट वेगळी. माणगंगा, अग्रणी किंवा बोर नदी वर्षातले कितीतरी महिने कोरडी असते आणि वर कुठेतरी ढगफुटीसारखा पाऊस झाला की रात्रीतून भरून येते. तिथं सरकारच्या बचावाला थोडी जागा आहे. तरी फरशी ओढ्याच्याच पात्रात बांधलेली असते, हे विसरून कसं चालेल?

आता मालकीचा गुंता. राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या यंत्रणेकडे, राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडे, शहरातले पालिकेकडे. सगळ्यात अडचणीचा प्रकार म्हणजे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. तो पाणी अडवण्यासाठी आहे, जलसंपदा विभागाच्या दप्तरी तो रस्ताच नाही. पण वारणाकाठी आणि कृष्णाकाठी कितीतरी गावांचा रोजचा रस्ता तोच. तिथून कुणी वाहून गेलं की जलसंपदा म्हणते, वाहतुकीला परवानगीच नव्हती. बांधकाम विभाग म्हणतो, तो आमचा पूलच नाही. आणि पाणी चढल्यावर वाहतूक बंद करण्याचा अधिकार तिसऱ्याकडेच. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम 34 नुसार तो जिल्हा प्राधिकरणाकडे, म्हणजे व्यवहारात जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. आदेश निघतो, पण फरशीच्या दोन्ही टोकांना माणूस उभा करायचा कुणी, यावर घोडं अडतं. त्याच कायद्याचं कलम 73 सद्भावनेने केलेल्या कामाला संरक्षण देतं. न केलेल्या कामाला ते कितपत मिळावं, हा प्रश्न न्यायालयापर्यंत क्वचितच जातो.

एक वेळ सगळ्या राज्याने हा प्रश्न विचारला होता. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बससह काही वाहनं वाहून गेली. सावित्री उगम पावते आपल्या महाबळेश्वरात; धुवाधार पाऊसही तिथलाच. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती, असं सरकारने तेव्हा सांगितलं. निवृत्त न्यायमूर्तींचा चौकशी आयोग नेमला गेला, नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला. त्या बसचालकांकडे बोट दाखवायची सोय कुणालाच नव्हती, कारण अंधारात पूल नाहीसा झाल्याचं त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. उलट सप्टेंबर 2021 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ पुलावरून पाणी वाहत असताना एसटी बस वाहून गेली, तेव्हा सगळी चर्चा चालकाने बस पाण्यात का घातली याचीच झाली. पाणी वाहत असताना पूल खुला का होता, हा प्रश्न मागे पडला.

चालकाने धाडस केलं असेलही. तरी पैशाच्या बाबतीत कायदा सगळ्या चालकांना एका मापाने मोजत नाही, आणि घरच्यांना नेमकं हेच माहीत नसतं. गाडीतल्या प्रवाशाच्या वारसांना मोटार अपघात न्यायाधिकरणातून भरपाई मिळू शकते. स्वतःच्या गाडीत गेलेल्या मालकाच्या वारसांना ती मिळत नाही, कारण मागायची कुणाकडे? मालकाची गाडी मागून नेलेला माणूसही मालकाच्याच जागी धरला जातो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सांगितलं आणि 2020 मध्ये पुन्हा. त्यांच्यासाठी उरतं ते विमा पॉलिसीतलं मालक-चालकाचं 15 लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण, तेही हप्ता भरला असेल आणि परवाना वैध असेल तर.

पगारी चालकाचं तसं नाही. पहाटे दूध गोळा करायला निघालेला टेम्पोचालक वाहून गेला, तर 1923 चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा त्याच्या बाजूने उभा राहत आला; 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, पण या तरतुदी तिच्यातही आहेत. हुकूम मोडला किंवा दारू प्यायला होता, हे मालकाचे नेहमीचे बचाव त्या कायद्याने मृत्यूच्या बाबतीत काढूनच घेतले आहेत. 'पाण्यात घालू नको म्हणून सांगितलं होतं' एवढ्यावर मालक सुटत नाही. मृत्यू कामाच्या ओघात झाला हे दाखवलं की पुरे. माझ्या मते या सगळ्या जुन्या कायद्यांत हा सर्वात शहाणा.

'वाहनाच्या वापरातून झालेला अपघात' कशाला म्हणायचं, हेही ठरलं ते सातारा जिल्ह्यातल्याच घटनेवरून. 1987 मध्ये पुणे-बंगळूर महामार्गावर कवठ्याजवळ पेट्रोलचा टँकर धडकेनंतर रस्त्याकडेला उलटला आणि काही तासांनी त्याचा स्फोट झाला. वाहन उभं होतं, मग वापर कुठला, असा विमा कंपनीच्या बाजूचा युक्तिवाद होता. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि या शब्दांचा अर्थ व्यापक घेतला. प्रवाहात अडकून बंद पडलेल्या गाडीच्या दाव्यात हा निकाल आधाराला घेता येतो.

रस्त्याच्या मालकाला न्यायाधिकरणासमोर आणायची वाट रेल्वेच्या खटल्यांनी दाखवली. बिनफाटकाच्या क्रॉसिंगवरच्या अपघातात न्यायाधिकरण रेल्वेविरुद्धचा दावाही ऐकू शकतं, हे 2002 पर्यंत पक्कं झालं. मग 2019 च्या मोटार वाहन दुरुस्तीत कलम 198अ आलं. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांनुसार झाली नाही आणि त्यातून मृत्यू झाला, तर संबंधित यंत्रणेला, ठेकेदाराला किंवा सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड. रक्कम हास्यास्पद आहे. मोलाचं आहे ते न्यायालयाने काय तपासायचं याची यादी: रस्ता धोकादायक असल्याचं यंत्रणेला माहीत होतं का, माहीत असायला हवं होतं का, इशारा देणारे फलक लावले होते का. दोनशे वर्षं 'काही केलं नाही' हा बचाव होता, तोच आता आरोपाचा मजकूर झाला.

फौजदारी बाजूही हलली आहे. निष्काळजीपणाने मृत्यू ओढवण्याची शिक्षा जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 304अ खाली दोन वर्षांपर्यंत होती, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये ती पाच वर्षांपर्यंत गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेच्या पुरात जोडरस्ता वाहून गेलेल्या पुलावरून मोटार खाली कोसळली आणि तिघे गेले. तिथं गुन्हा चालकावर न होता बांधकाम विभागाच्या अभियंत्यांवर दाखल झाला, कारण पुढे रस्ता नाही हे सांगणारा अडथळा तिथं नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे होणाऱ्या मृत्यूंसाठी सहा लाखांची भरपाई ठरवून दिली. त्यात पाण्याखालची फरशी नाही. पण पाण्याखालच्या खड्ड्यात दुचाकी गेली असेल, तर त्या आदेशाचं दार वाजवता येतं.

चार लाखांची मदत घेतली म्हणून भरपाईचा हक्क जात नाही. ती मदत आहे, तडजोड नव्हे. न्यायाधिकरणाकडे अर्जाची मुदत मात्र एप्रिल 2022 पासून पुन्हा सहा महिन्यांची झाली आहे, आणि तेवढ्या काळात घरचे लोक अजून शवविच्छेदन अहवालासाठी खेपा घालत असतात. नंतर दाव्यात उपयोगी पडतं ते त्या दिवशी काढलेलं फरशीच्या दोन्ही टोकांचं छायाचित्र, विसर्गाच्या प्रसिद्धिपत्रकावरची वेळ, वाहतूक बंदीच्या आदेशाची प्रत. पाणी ओसरलं की दुसऱ्याच दिवशी तिथं नवा कोरा फलक उभा राहिलेला असतो.