दोन गिगाबिट पोर्ट म्हणजे दोन गिगाबिट वेग नव्हे

"दोन पोर्टचं गिगाबिट नेटवर्क कार्ड स्वस्तात मिळतंय. दोन्ही पोर्ट जोडले की झाले दोन गिगाबिट. मग अडीच गिगाबिटचं कार्ड आणि वर अडीचचा स्विच कशाला?" घरी किंवा छोट्या ऑफिसात सर्व्हर लावणारं कुणी ना कुणी मला हे विचारतंच. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका मित्राने तर न विचारताच तसं कार्ड आणलं, खटपट करून बाँडिंग केलं, म्हणजे दोन्ही पोर्ट जोडून त्यांचा एकच केला, आणि ६० जीबीचं फोल्डर सर्व्हरवर चढवायला पूर्वीइतकीच नऊ मिनिटं लागली. कार्डात काही बिघाड नव्हता. ते अगदी ठरल्याप्रमाणेच चाललं होतं.

साधं गिगाबिट तुम्हाला ठाऊक आहे: फाइल कॉपी करताना सेकंदाला ११०-११५ एमबी. अडीच गिगाबिट म्हणजे तीच गोष्ट अडीचपट, साधारण २८० एमबी. त्याचं मानक, ८०२.३बीझेड, २०१६ मध्ये आलं, आणि भिंतीत आधीच टाकलेल्या कॅट-५ई केबलवर ते १०० मीटरपर्यंत चालतं. त्यात समजून घेण्यासारखं फार काही नाही. गोंधळ आहे तो दोन पोर्टच्या बाजूला.

एका शाळेत दोन मतदान केंद्रं आहेत असं धरा. तुमचं नाव ज्या यादीत, त्याच खोलीत तुम्ही जायचं. शेजारची खोली रिकामी असली तरी तिथे तुम्हाला मत देता येत नाही, आणि अर्धं मत इथे, अर्धं तिथे हा तर प्रश्नच नाही. दोन खोल्यांमुळे गावाचं मतदान लवकर उरकतं, तुमचं नाही. बाँडिंग असंच चालतं. पाठवणारा आणि घेणारा यांच्या पत्त्यांवरून एक हिशेब होतो, त्याला हॅश म्हणतात, आणि त्यावरून तो संवाद कोणत्या पोर्टने जाणार हे ठरतं. एकदा ठरलं की त्या संवादाचं प्रत्येक पॅकेट, म्हणजे डेटाचा प्रत्येक छोटा तुकडा, त्याच पोर्टने जातं.

असं का करतात? एकाच फाइलची पॅकेटं दोन तारांवर वाटली तर ती मागेपुढे पोचतात. पॅकेटं नीट पोचतात की नाही हे बघणाऱ्या टीसीपीला वाटतं मधली हरवली, म्हणून ते पुन्हा मागवतं आणि वेग कमी करतं. लिनक्समध्ये तसं वाटणारा राउंड रॉबिन मोड आहे. बहुतेक वेळा त्यात हेच होतं. एलएसीपीने, म्हणजे बाँडिंगच्या प्रमाणित पद्धतीने, म्हणूनच क्रम जपायचं ठरवलं, आणि ते योग्यच आहे.

छोट्या ऑफिसात तर नशीबही आडवं येतं. तीन संगणक असतील, तर तिघेही एकाच पोर्टवर पडण्याची शक्यता चारात एक. लिनक्सचा मूळ हॅश फक्त मॅक पत्ते, म्हणजे नेटवर्क कार्डांचे स्वतःचे पत्ते, बघतो, त्यामुळे सगळे संगणक राउटरच्या पलीकडे असतील तर सर्व्हरला एकच मॅक दिसतो आणि दुसरा पोर्ट जवळजवळ मोकळा राहतो. "मग हॅश बदलू, आयपी पत्ते आणि टीसीपीचे पोर्ट क्रमांकही धरू." जरूर बदला. पण सर्व्हरचा हॅश फक्त सर्व्हरकडून बाहेर जाणाऱ्या डेटाला लागू होतो. आत येणारा डेटा कोणत्या तारेवर टाकायचा हे स्विच ठरवतो. माझा मित्र फोटो सर्व्हरवर चढवत होता, म्हणजे तो ज्या सेटिंगवर दोन रात्री घालवत होता त्याचा त्या कामाशी संबंधच नव्हता. शिवाय त्याच्या लॅपटॉपला पोर्ट एकच, तोही गिगाबिटचा.

मला खरा राग येतो तो आकड्यांचा. बाँड केल्यावर लिनक्स प्रामाणिकपणे २००० मेगाबिट दाखवतं, कारण ती बेरीज असते. मग त्याचा स्क्रीनशॉट फिरतो. कुणी वेग मोजणारं आयपर्फ३ चार समांतर धारांनी, म्हणजे एकाच वेळी चार जोडण्यांनी, चालवतं, हॅश अनुकूल पडतो, दीड-दोन गिगाबिट दिसतात, आणि "चालतं की!" असं ठरतं. एकच धार लावून बघा: बाँडवर साधारण ९४० मेगाबिट, अडीचच्या एका पोर्टवर २.३५ गिगाबिट. तुमची फाइल कॉपी ही सहसा एकच धार असते.

एक खरा अपवाद आहे, एसएमबी मल्टिचॅनल, म्हणजे विंडोजच्या फाइल शेअरिंगमधली एक सोय. विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ पासून ते एकाच कॉपीसाठी अनेक जोडण्या उघडून त्या दोन कार्डांवर वाटतं, लिनक्सवर तेच शेअरिंग देणाऱ्या सांबामध्ये ४.१५ पासून ते आपोआप चालू असतं. पण त्यासाठी दोन्ही टोकांना दोन-दोन पोर्ट हवेत, आणि बाँडिंग करायचं नाही, पोर्ट वेगळेच ठेवायचे.

दोन पोर्टचं कार्ड वाईट आहे असं मी म्हणत नाही. फायरवॉलसाठी मी तेच घेईन, एक तार इंटरनेटची, एक घरची. एक तार निघाली तरी ऑफिस चालू राहावं, किंवा वीस-पंचवीस जण एकाच वेळी सर्व्हर वापरतात, अशा ठिकाणीही तेच. वेगासाठी मात्र मी प्रत्येकाला अडीचचं एक पोर्टचं कार्डच सांगतो. ते सगळ्यात छोट्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसतं. रिअलटेकची आरटीएल८१२५ चिप घरच्या कामाला पुरेशी आहे. इंटेलची आय२२५ घेणार असाल तर सुरुवातीच्या आवृत्तीचं कार्ड टाळा, तिच्यात अडीचच्या वेगावर पॅकेट गळण्याचा दोष होता. सर्व्हरमध्ये एकच हार्ड डिस्क असेल तर तीच दीडशे-दोनशे एमबीवर अडते, त्यामुळे दहा गिगाबिटचा विचार एसएसडी आल्यावर करा.

आणि कार्ड घेण्याआधी भिंतीतली तार उघडून बघा. कॅमेरे बसवणारे बऱ्याचदा केबलमधल्या आठपैकी चारच तारा क्रिंप करतात, म्हणजे टोकाच्या प्लगमध्ये बसवतात. त्यावर अडीच काय, एक गिगाबिटही मिळत नाही, १०० मेगाबिटवरच अडकतं. मित्राकडे तो प्रश्न नव्हता, आम्ही सर्व्हरचं कार्ड, स्विच आणि लॅपटॉपचा अडॅप्टर अडीचचे घेतले, आणि तेच ६० जीबीचं फोल्डर आता पाच मिनिटांत चढतं. त्यापुढे त्याची हार्ड डिस्क पळत नाही.