क्राकूवच्या ९३ मुली : एका आख्यायिकेची पार्श्वभूमी

८ जानेवारी १९४३ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पोलंडहून आलेल्या एका पत्राची बातमी छापली. पत्राखाली हया फेल्डमन हे नाव होते. क्राकूवमधील ‘बेस याकोव्ह’ या धर्मनिष्ठ ज्यू शिक्षणसंस्थेच्या ९३ मुलींना जर्मनांनी कोंडून ठेवले, आंघोळ घालून अंगावर नुसते झगे दिले आणि सैनिक येणार असल्याचे बजावले; तेव्हा साऱ्याजणींनी विष घेण्याचे ठरवले, असा त्याचा आशय होता. आपल्यासाठी ‘कद्दिश’, म्हणजे मृतांच्या नावे म्हटली जाणारी प्रार्थना, म्हणावी एवढेच मागणे त्यात होते.

ज्यूंच्या पद्धतशीर संहाराचा निषेध करणारे दोस्त राष्ट्रांचे संयुक्त निवेदन १७ डिसेंबर १९४२ रोजी प्रसिद्ध झाले होते. लाखोंच्या मृत्यूची ती वार्ता मनात मावणारी नव्हती. ९३ मुलींचा मृत्यू मात्र समजण्याजोगा होता, आणि परंपरेने तो आधीच ओळखीचाही करून ठेवला होता. तालमूद या ज्यूंच्या प्राचीन धर्मशास्त्रातील ‘गिट्टिन’ या ग्रंथात विटंबनेसाठी बंदी करून नेलेल्या ४०० मुलामुलींची कथा आहे. समुद्रात बुडालो तरी परलोकाला मुकणार नाही, अशी खात्री पटल्यावर आधी मुली उडी घेतात, मागोमाग मुलगे. १०९६ मध्ये क्रूसेडवीरांनी ऱ्हाइनकाठच्या ज्यू वस्त्यांवर हल्ले केले, तेव्हाच्या बखरींतही बाटण्यापेक्षा स्वतः पत्करलेले मरण ‘किद्दुश हशेम’, म्हणजे देवनामाचे पावित्र्य राखणे, म्हणून गौरवले आहे. त्यामुळे नव्या पत्राला पुरावा मागावा असे फारसे कोणाला वाटले नाही. कवी हिलेल बावली यांनी त्यावर हिब्रू कविता रचली आणि ती अमेरिकेतील काही प्रार्थनापुस्तकांत योम किप्पूरच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्तदिनाच्या, उपासनेत समाविष्ट झाली.

शंका पुढे आल्या. न्यूरेंबर्ग कायद्यांनी, म्हणजे नाझींच्या वंशभेदी कायद्यांनी, जर्मनांचा ज्यूंशी शरीरसंबंध गुन्हा ठरवला होता, मग सैनिक असे कसे करतील, हा आक्षेप मला एकटा पुरेसा वाटत नाही, कारण कायदा असूनही ज्यू स्त्रियांवर अत्याचार झाले. त्याहून वजनदार गोष्ट ही की, या घटनेला क्राकूवमधून स्वतंत्र दुजोरा मिळालेला नाही. ज्युडिथ टायडोर बाउमेल आणि जेकब शॅक्टर या अभ्यासकांनी १९९२ मध्ये या साऱ्याची बारकाईने छाननी केली आणि कथेमागचा जुना साचा दाखवून दिला. संहार कागदपत्रांनी आणि साक्षींनी सिद्ध आहे. एका पत्राच्या खरेखोटेपणावर तो अवलंबून नाही.

खंत वेगळीच आहे. जून आणि ऑक्टोबर १९४२ मध्ये क्राकूवच्या घेट्टोतून, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतून, हजारो ज्यूंना बेलझेत्स येथील संहारछावणीत नेऊन वायूने मारण्यात आले. तेथे मरण निवडण्याची सोय नव्हती, आणि शीलाचा गौरव करणाऱ्या कथेत अशा मृत्यूला, किंवा अत्याचार सोसून जगलेल्या स्त्रीला, जागा उरली नाही. सारा शेनिरर यांनी १९१७ मध्ये क्राकूवला सुरू केलेल्या बेस याकोव्ह शिक्षणचळवळीच्या कितीतरी विद्यार्थिनी अशाच मारल्या गेल्या. ज्या वाचल्या, त्यांच्यातील काहींनी युद्ध संपताच बर्गन-बेल्सनच्या निर्वासित छावणीत बेस याकोव्हचे वर्ग पुन्हा भरवले.