एफ/१६ कुठून आलं? कीटकांच्या छायाचित्रणातल्या एका वादाची पार्श्वभूमी

कीटकांचा फोटो काढताना अ‍ॅपर्चर किती बारीक ठेवायचं, यावर आज जी वादावादी चालते, तिचं मूळ फिल्मच्या काळात आहे. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक. एफचा आकडा जितका मोठा तितकं भोक बारीक, उजेड कमी, आणि पुढेमागे स्पष्ट दिसणारी खोली जास्त. त्याआधीचा इतिहास दोन वाक्यांत उरकतो. १८४० च्या सुमारास सौर सूक्ष्मदर्शकातून कीटकांच्या पंखांच्या प्रतिमा कागदावर उतरवल्या गेल्या आणि १९०४ मध्ये विजेच्या ठिणग्यांच्या उजेडात उडत्या कीटकांची चित्रमालिका टिपली गेली. दोन्ही कामं प्रयोगशाळेतली.

झुडपात बसलेला जिवंत कीटक आवाक्यात आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, इलेक्ट्रॉनिक फ्लॅश हातात धरण्याजोगे झाल्यावर. १९५५ मध्ये ३५ मिमी कॅमेऱ्यांसाठी ४० मिमीची मॅक्रो लेन्स आली. तरी बहुतेकांची भिस्त बेलोज (घडीचा भाता), उलटी लावलेली लेन्स किंवा एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधली पोकळ नळी) यांवरच होती. ५० मिमी लेन्समागे ५० मिमीची ट्यूब लावली की १:१, म्हणजे फिल्मवर कीटक मूळ आकाराएवढाच; २५ मिमीची लावली की १:२, म्हणजे निम्मा. हिशेब सोपा, पण लेन्स सेन्सरपासून, तेव्हा फिल्मपासून, जितकी लांब जाते तितका उजेड घटतो. १:१ ला दोन स्टॉप जातात (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). २५ आयएसओची (उजेडाला मंद) स्लाइड फिल्म, भर ऊन आणि एफ/१६ असेल तर नेहमीच्या फोटोला १/२५ सेकंद पुरतो. १:१ ला तोच १/६ होतो. वाऱ्यावर हलणाऱ्या पानावरची मुंगी १/६ सेकंदात मिळत नाही.

म्हणून फ्लॅश, आणि फ्लॅशमुळे काळी पार्श्वभूमी. फ्लॅश कीटकापासून १५ सेंमी आणि मागची पानं फ्लॅशपासून ६० सेंमी असतील, तर पानांवर सोळावा हिस्सा उजेड पडतो, म्हणजे चार स्टॉप कमी. या काळोखाला पुढे ‘शैली’ म्हणून मान मिळाला. मुळात ती नाइलाजाची गोष्ट होती. १९७५ मध्ये फिल्मवरून परतणारा प्रकाश मोजणारा कॅमेरा आला आणि लवकरच फ्लॅशही त्या मोजमापाने वेळेवर तोडता येऊ लागला. तोवर फ्लॅशचं अंतर आणि मॅग्निफिकेशन (१:१, १:२ असं प्रतिमेचं प्रमाण) पक्कं करून एक रोल चाचणीत घालवायचा आणि आकडे लिहून ठेवायचे, हीच रीत होती. उडत्या कीटकांचं गणित याहून कठीण. पूर्ण ताकदीवर साधा फ्लॅश १/१००० सेकंदाच्या आसपास पेटलेला राहतो, पंखांसाठी तो संथ. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला १/२५,००० सेकंदाचे खास फ्लॅश वापरात आले. शटर उघडायलाच १/२० सेकंद लागला, तर तेवढ्यात मधमाशी ३० सेंमी पुढे गेलेली असते. त्यामुळे शटरही वेगळं बनवावं लागलं.

एफ/१६ ची सवय या फ्लॅशच्या जोरावर लागली. १:१ ला एफ/१६ वर सूत्राप्रमाणे सुमारे १.९ मिमी खोली स्पष्ट येते, एफ/८ वर १ मिमीहून किंचित कमी. यात ०.०३ मिमीपर्यंतचा धूसरपणा चालतो असं गृहीत धरलेलं आहे. हे गृहीतक हातभर अंतरावरून पाहायच्या मध्यम आकाराच्या प्रिंटसाठीचं. विवर्तन, म्हणजे बारीक भोकातून जाताना प्रकाशाचं पसरणं, या सूत्रात धरलेलंच नाही. १:१ ला एफ/१६ चा परिणामी आकडा एफ/३२ होतो, कारण आकड्याला (१ + मॅग्निफिकेशन) ने गुणावं लागतं. एफ/३२ ला प्रकाशाचा बिंदू सुमारे ०.०४३ मिमी पसरतो. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम सेन्सरवर पिक्सेल ०.००६ मिमीचा, म्हणजे एक बिंदू सात पिक्सेल व्यापतो. सूत्राने दिलेले ते १.९ मिमी बऱ्याच अंशी कागदावरचेच.

मग भांडण मिटत का नाही? एक कारण अगदी क्षुल्लक आहे. काही कंपन्यांचे कॅमेरे जवळ फोकस केल्यावर परिणामी आकडा दाखवतात, काही लेन्सवरचा मूळ आकडाच दाखवत राहतात. पहिल्या कॅमेऱ्यावर १:१ ला ‘१६’ दिसतं तेव्हा अ‍ॅपर्चर प्रत्यक्षात एफ/८ च्या जवळ असतं. दुसऱ्यावरचं ‘१६’ म्हणजे परिणामी एफ/३२. पहिला म्हणतो एफ/१६ ला फोटो कडक येतो, दुसरा म्हणतो लोणी होतं, आणि दोघंही बरोबर असतात. आतल्या आत फोकस होणाऱ्या लेन्सचं फोकल लेंग्थ जवळ येताना घटतं, त्यामुळे गुणकही सूत्राहून थोडा वेगळा निघतो. सल्ला घेण्याआधी समोरचा कोणता आकडा वाचतोय ते विचारावं. दुसरं कारण फोटोच्या आकाराचं. ६००० पिक्सेलचा फोटो २००० वर आणला की सातचा पसारा दोन-सव्वादोन पिक्सेलवर येतो आणि थोडं शार्पनिंग उरलेलं झाकतं. जिवंत, हलत्या कीटकासाठी मूळ आकडा एफ/८ ते एफ/११ ठेवावा. त्यापलीकडे मिळतं कमी, जातं जास्त.

१९९९ मध्ये १:१ ते ५:१ करणारी ६५ मिमीची लेन्स आली आणि बारीक अ‍ॅपर्चरची मर्यादा उघडी पडली. ५:१ ला एफ/२.८ वर खोली ०.०४ मिमी, आणि एफ/१६ केलं तर परिणामी एफ/९६. उपाय एकच, स्टॅकिंग: फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फोटो काढायचे आणि त्यांचे स्पष्ट भाग जोडायचे. त्याचा फिल्मवरचा पूर्वज १९६० च्या दशकातला: शटर उघडं ठेवून नमुना प्रकाशाच्या पातळ पट्टीतून हळूहळू सरकवायचा, म्हणजे फोकसमधला भागच उजळतो. अर्थात नमुना मेलेला. २००० नंतरच्या सॉफ्टवेअरने हे काम घरी आणलं. ५:१ ला दोन फ्रेममध्ये ०.०३ मिमीचं पाऊल धरलं तर ३ मिमी खोलीला १०० फ्रेम लागतात. १:१ ला एफ/५.६ वर ०.२५ मिमीचं पाऊल पुरतं. पाऊल मोठं झालं की अंगावर धूसर पट्टे दिसतात. जोडणीच्या दोन पद्धतींपैकी डेप्थ मॅप (प्रत्येक जागी सर्वांत स्पष्ट फ्रेम निवडणारी) रंग-पोत जपते, पण एकमेकींवरून गेलेल्या मिशांभोवती प्रभावळ सोडते. पिरॅमिड पद्धत (बारीक आणि जाड तपशील वेगवेगळे जोडणारी) केस नीट सोडवते आणि नॉइज (दाणेदारपणा) वाढवते.

२०१५ पासून कॅमेऱ्यातच फोकस ब्रॅकेटिंग (फोकस आपोआप सरकवत फोटो घेणं) मिळू लागलं आणि स्टॅकिंग बागेत आलं. पहाटे गारठलेल्या चतुरावर हातात कॅमेरा धरून १०-१५ फ्रेम जमतात. फ्लॅश वापरायचा तर १/८ किंवा त्याहून कमी ताकदीवर ठेवावा, नाहीतर चार्ज होईपर्यंत मधल्या फ्रेम काळ्या जातात. कीटक फ्रिजमध्ये गार करून आणण्याचा जुना उद्योग यामुळे अनावश्यक झाला आहे. तसे फोटो ओळखूही येतात, पाय पोटाशी ओढलेले आणि अंगावर नको तिथे दव.