हॉलीवूडचे पहिले संगीतपट : सेटवरच्या गाण्याची पार्श्वभूमी

१९२७ साली पडद्याला कंठ कसा फुटला, ते बहुतेकांना ठाऊक आहे. हॉलीवूडच्या पहिल्या संगीतपटांची ओढ आजही का वाटते, हे समजायचं तर मात्र १९२९ आणि १९३० ही दोन वर्षं बारकाईनं पाहायला हवीत. ऑपेरेटा (हलकीफुलकी संगीतिका) आणि व्हॉडव्हिल (गाणी, नाच, विनोद यांचे रंगमंचावरचे खेळ) यांचा वारसा पाठीशी होताच. खरा फरक यंत्रानं पाडला.

कॅमेऱ्याची घरघर मायक्रोफोनमध्ये शिरू नये म्हणून कॅमेरामनसकट कॅमेरा बंद पेटीत कोंडत. गुणगुणणारे आर्क दिवे काढून साधे प्रखर बल्ब लावत, त्यानं सेट भट्टीसारखा तापे. वाद्यवृंद चौकटीच्या जेमतेम बाहेर बसे आणि गाणं तिथंच, त्याच क्षणी मुद्रित होई. काही कंपन्या हा आवाज १६ इंची तबकडीवर घेत. एका रिळाला एक तबकडी, सुई आतून बाहेर सरकणारी. तबकडी कापून जोडता येत नसे, म्हणून एकाच वेळी अनेक कॅमेरे चालवून अख्खं गाणं सलग टिपत. आज जे अवघडलेलं दिसतं, त्यातच या गाण्यांचा जीव आहे. गायिका दम घेते तो ऐकू येतो, टॅपनाचात लाकडी फळ्यांचा खरा ठोका येतो.

वाद आहे तो पुढच्या पायरीबद्दल. 'द ब्रॉडवे मेलडी' (१९२९) मधल्या एका रंगीत नृत्यगीताची मांडणी कंपनीच्या निर्मितीप्रमुखांना पसंत पडली नाही. ते पुन्हा चित्रित करायचं ठरलं. आवाज उत्तम आलेला होता, मग वाद्यवृंदाला पुन्हा बोलावून पैसे कशाला द्यायचे? जुनं मुद्रण कर्ण्यावर लावलं आणि नर्तक त्यावर नाचले. इथून प्लेबॅकची वहिवाट पडली. अनेक इतिहासकार तिला संगीतपटाची सुटका म्हणतात. कॅमेरा मोकळा झाला आणि त्यामुळेच १९३३ची छतावरून टिपलेली भव्य नृत्यं शक्य झाली, हे खरंच आहे. पण निर्णय खर्चापोटी झाला होता, कलेपोटी नव्हे. शिवाय कॅमेरा हलवायला प्लेबॅकच लागतो असंही नाही. त्याच १९२९ साली 'अप्लॉज' या चित्रपटात पेटीला चाकं लावून कॅमेरा फिरवला गेला. आईचं गाणं आणि मुलीची प्रार्थना दोन मायक्रोफोनवर घेऊन एकाच दृश्यात मिसळली गेली. प्लेबॅकमुळे ओठ आणि आवाज यांच्यात पडलेली फट नंतरच्या चकचकाटानं झाकली, भरून काढली नाही.

१९३०च्या अखेरीस प्रेक्षक कंटाळले. तयार चित्रपटांतून गाणी कापली गेली, 'हा संगीतपट नाही' अशा जाहिराती झाल्या. १९३३ला लाट परतली आणि १९३४ला सेन्सॉरचा नियम कडक झाल्यावर आधीचा बेधडकपणा गेला.

आपल्याकडेही 'अयोध्येचा राजा' (१९३२) मधली गाणी नटनट्यांनी सेटवरच गायली. पार्श्वगायन १९३५ला कोलकात्यातून आलं.

या चित्रपटांना कंटाळवाणं ठरवण्यात खराब प्रतींचा वाटा मोठा आहे. 'ऑन विथ द शो' (१९२९) संपूर्ण रंगीत होता, आज तो कृष्णधवल प्रतीतच पाहायला मिळतो. 'गोल्ड डिगर्स ऑफ ब्रॉडवे'च्या आवाजाच्या सगळ्या तबकड्या सापडल्या, चित्र मात्र शेवटची रिळं सोडता जवळपास नाहीच. ज्यांनी हे चित्रपट मूळ रंगात पाहिले, त्या प्रेक्षकांनी तिकीटखिडकीवर त्यांना डोक्यावर घेतलं होतं.